लंडन–पॅरिस : ३४४ किलोमीटर आणि बाबांचा २६ मिनिटांचा हिशोब

गोदाकाठ (धागाकर्ती)

मंडळी, मदत हवी आहे. खरं तर मला नको, बाबांना हवी आहे.

आई-बाबा मे महिन्यात दादाकडे, लंडनजवळच्या स्लाऊला जातायत. दोन महिने मुक्काम, त्यात चार दिवस पॅरिस. दादाने विमानाच्या वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या आणि घरात तेव्हापासून शांतता नाही. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, पण कुठलंही वेळापत्रक हातात आलं की आधी चष्मा आणि मग पेन्सिल.

त्यांचा आक्षेप असा. लंडन ते पॅरिस सरळ अंतर ३४४ किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ८००. म्हणजे २६ मिनिटं. चला, वर दहा मिनिटं घ्या. आणि दादाने पाठवलंय काय, तर सुटणार ९:३०, पोहोचणार ११:५०. दोन तास वीस मिनिटं! परतीचं बघा : पॅरिसहून १६:००, लंडनला १६:२०. वीस मिनिटं!!

बाबांचं म्हणणं, "जाताना लांबून नेतात आणि येताना आडमार्गाने आणतात का? नाशिक–पुणे गाडीला मी असं शेड्यूल लावलं असतं तर डेपो मॅनेजरने मला घरी पाठवलं असतं."

मी "टाइम झोन" म्हणाले तर म्हणतात, "ते अमेरिकेला असतं. हे शेजारी-शेजारी आहेत."

कुणीतरी नीट समजावेल का? मी त्यांना प्रिंट काढून देणार आहे.

---

चहाबाज

हसून हसून पुरेवाट. बाबांना आधी दंडवत.

शेजारी असले तरी घड्याळं वेगळी आहेत. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे. तिकिटावर सुटायची वेळ सुटायच्या गावची, पोहोचायची वेळ पोहोचायच्या गावची. लंडनचे ९:३० म्हणजे पॅरिसचे १०:३०. तिथून ११:५० म्हणजे १ तास २० मिनिटं. परत येताना पॅरिसचे १६:०० म्हणजे लंडनचे १५:००, आणि १६:२० पर्यंत तेवढीच १ तास २०. जाताना-येताना सारखंच.

मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दोन्ही देश घड्याळ एकाच क्षणी बदलतात, त्यामुळे फरक बारा महिने एक तासाचाच राहतो.

---

जुनेपुराणे

बाबांचा संशय अगदीच निराधार नाही हं. नकाशावर पॅरिस ग्रिनिचच्या जेमतेम सव्वादोन अंश पूर्वेला आहे. सूर्याचं ऐकायचं तर दोन्ही शहरांत एकच वेळ हवी, आणि दुसऱ्या महायुद्धापूर्वी फ्रान्स ग्रिनिचचीच वेळ पाळत होता. जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या आणि त्यांनी शहराची घड्याळं बर्लिनला जुळवली. युद्ध संपलं, जर्मन गेले, घड्याळ तसंच राहिलं.

तेव्हा बाबांच्या तिकिटावरचा तो जास्तीचा तास म्हणजे महायुद्धाची थकबाकी.

---

गोदाकाठ

वा! थकबाकी शब्द बाबांना फार आवडला. प्रिंट दिली. घड्याळाचं पटलं.

आता पुढचा प्रश्न (हुबेहूब त्यांच्या शब्दांत) : "ठीक. पण एक तास वीस तरी का? ३४४ ला ऐंशी मिनिटं म्हणजे ताशी २५८. एवढा वेग तर तिकडची रेल्वे काढते. मग ते ८०० गेले कुठे?"

---

पंखाखाली

मी युरोपातल्या एका विमानतळावर रॅम्पवर काम करतो, म्हणजे विमान उभं असताना त्याच्या अवतीभवती जी धावपळ दिसते त्यातला एक. हा प्रश्न माझ्या घासाचा आहे, जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट. तिकिटावरची ऐंशी मिनिटं म्हणजे उडण्याची वेळ नव्हेच. तिला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. चाकांखालच्या खुट्ट्या काढून विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, पलीकडे जागेवर उभं राहून खुट्ट्या लागल्या की बंद. मधलं सगळं त्यात आलं. लंडनच्या हीथ्रोला धावपट्ट्या दोनच आणि गर्दी जगभराची. जागेवरून हलून धावपट्टीच्या तोंडाशी जाणं, तिथे रांगेत आपला नंबर येणं, यात पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. पॅरिसच्या चार्ल्स द गॉलला चार धावपट्ट्या आहेत, पण आवार अफाट. उतरल्यावर विमान इतका वेळ जमिनीवर चालत राहतं की नवख्या माणसाला वाटावं, आता रस्त्यानेच शहरात नेणार.

दुसरी गोष्ट, ते ८००. तो वेग उंचावर गेल्यावरचा. दहा हजार फुटांच्या खाली साधारणपणे २५० नॉट्सची मर्यादा असते, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर. इतक्या छोट्या पल्ल्यात विमान वर चढतं, पाण्याची बाटली वाटून होते न होते तोच उतरायला लागतं. ३५ हजार फूट गाठायला सवडच नाही. कसारा घाट संपला आणि लगेच उतार लागला तर टॉप गिअर किती वेळ टाकणार?

तिसरी गोष्ट, ३४४ ही दोरी ताणून मोजलेली रेघ. हीथ्रो ते चार्ल्स द गॉलही जवळजवळ तेवढंच, ३४८ च्या आसपास. पण विमान दोरीवरून जात नाही. ज्या दिशेने वारा असेल त्याच्या तोंडावर उडायचं, मग वळायचं, मग ठरलेल्या वाटेने जायचं. येताना हीथ्रोजवळ चार ठिकाणं आहेत जिथे विमानं एकावर एक थर लावून घिरट्या घालत नंबरची वाट बघतात : बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन हिल. पॅरिसकडून येणारी बहुतेक बिगिन हिलवर. तिथे दहा मिनिटं गेली तर त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

हवेत प्रत्यक्ष पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटं. बाकीचा अर्धा तास जमिनीवरचा आणि थोडा राखीव.

---

चहाबाज

राखीव म्हणजे काय, कंपन्या मुद्दाम वेळ फुगवून लिहितात म्हणतात ना? म्हणजे वेळेवर आलो अशी टिमकी वाजवायला.

---

पंखाखाली

फुगवतात, नाही म्हणत नाही. पण सगळंच टिमकीसाठी नाही. युरोपचं आकाश चिंचोळं आहे. ब्रसेल्सला युरोकंट्रोल म्हणून संस्था आहे, ती गर्दी असली की विमानाला उडायची ठरावीक वेळ देते. ती मिळेपर्यंत दारं लावून जागेवर बसा. असं रोज होणार हे माहीत असताना वेळापत्रकात जागा न ठेवणं म्हणजे दिवसभराच्या पुढच्या चार फेऱ्या कोसळवणं. एकच विमान सकाळी पॅरिस, दुपारी दुसरीकडे, संध्याकाळी तिसरीकडे असं फिरत असतं.

---

गोदाकाठ

हे वाचून बाबा मोठ्याने हसले. म्हणाले, "मग हे तर आपलंच आहे! गाडी फलाटावरून हलली की सुटली. द्वारका सर्कलला अर्धा तास अडकली तरी कागदावर ती सुटलेलीच." पंखाखाली यांना "माझा नमस्कार कळव, तो माणूस लाइनीतला आहे" असं सांगितलंय.

---

रुळावरचा

इतके प्रतिसाद झाले आणि अजून कुणी मूळ मुद्द्याला हात घातला नाही याचं नवल वाटतं. लंडन–पॅरिसला विमानाने जायचंच कशाला?

युरोस्टार. लंडनच्या सेंट पँक्रासहून थेट पॅरिसच्या गार द्यू नॉरला, सर्वांत जलद गाडी २ तास १६ मिनिटं. दोन्ही स्टेशनं शहराच्या पोटात. रुळांनी अंतर जवळपास ४९० किलोमीटर पडतं, म्हणजे सरळ रेघेच्या जवळजवळ दीडपट, तरीही. रुळांवर ताशी ३०० ने आणि इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यात १६० ने. बोगदा ५० किलोमीटरचा, त्यातला ३८ समुद्राखाली. ६ मे १९९४ ला राणी एलिझाबेथ आणि फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ यांनी उद्घाटन केलं आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला प्रवासी गाड्या सुरू झाल्या. गंमत म्हणजे तेव्हा फ्रान्सच्या बाजूला जलद मार्ग तयार होता आणि इंग्लंडच्या बाजूला नव्हता. गाडी ३०० ने धावत यायची आणि केंटमध्ये लोकलच्या रुळांवर रांगायची. इंग्लंडचा जलद मार्ग नोव्हेंबर २००७ मध्ये पुरा झाला, तेव्हा कुठे हे २:१६ जमलं.

विमानाचा पाऊण तास आणि गाडीचे सव्वादोन तास यांची तुलनाच चुकीची आहे. घराच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत मोजा, मग बोला.

---

हौन्सलोकर

रुळावरचा यांचा हा ठरलेला सूर आहे. :) मोजू या की मग दारापासून दारापर्यंत, पण दार कुठलं? लोक नेहमी असं गृहीत धरतात की लंडनमधला प्रत्येक जण सेंट पँक्रासच्या समोरच्या गल्लीत राहतो. धागाकर्तीचा भाऊ स्लाऊला आहे. हीथ्रो त्याच्या परसात.

विमान : घरून हीथ्रो अर्धा तास. दोन तास आधी पोहोचायचं. मग ऐंशी मिनिटं. पलीकडे पासपोर्ट आणि सामान पाऊण तास. आरईआर बी लोकलने गार द्यू नॉरला पाऊण तास धरा, स्टेशन शोधण्यासकट. एकूण ५ तास २०.

गाडी : स्लाऊहून पॅडिंग्टन, तिथून ट्यूबने (भुयारी रेल्वेने) सेंट पँक्रास, वयस्कर माणसं आणि बॅगा धरून ७० मिनिटं. सव्वा तास आधी पोहोचायचं. गाडी २ तास २०. एकूण ४ तास ४५.

फरक किती? पस्तीस मिनिटं. यासाठी गाडीचा झेंडा नाचवायची गरज नाही. विमान स्वस्त मिळालं तर मी विमानाने जातो आणि मला त्याची लाज वाटत नाही.

---

रुळावरचा

तुमच्याच हिशोबाने गाडी जिंकली, धन्यवाद.

---

हौन्सलोकर

हरलो असं कुठे म्हटलं? एक तर ट्यूबचे जिने. धागाकर्तीच्या आईच्या गुडघ्यांचं काय?

---

गोदाकाठ

आईच्या गुडघ्यांचा विषय निघाला हे बरं झालं. डावा गुडघा दुखरा आहे. चालते, पण जिना नको. सामान बाबा उचलू म्हणतील, पण त्यांना उचलू द्यायचं नाही.

---

मापटं

मग एलिझाबेथ लाइनच्या लोकलने जायचं. स्लाऊहून थेट फॅरिंग्डन, पाऊण तास लागतो पण बसून. लिफ्ट आहे. तिथून थेम्सलिंकने सेंट पँक्रास एकच थांबा. पॅडिंग्टनला ट्यूब बदलण्यापेक्षा हे बरं. मी माझ्या सासूबाईंना असंच नेलं होतं.

चालण्याच्या बाबतीत विमानतळच जास्त वाईट. हीथ्रो काय, चार्ल्स द गॉल काय, एकेका टर्मिनलात आळंदी ते पुणे वारी होते. व्हीलचेअरची मदत दोन्हीकडे मिळते, आधी कळवून ठेवायचं. संकोच करू नका.

---

कागदोपत्री

मिनिटं मोजून झाली असतील तर व्हिसाचं बोलू का? ब्रिटन शेंगेनमध्ये (युरोपातल्या सामाईक व्हिसावाल्या देशांच्या गटात) नाही. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा आणि शेंगेनचा असे दोन वेगळे व्हिसा. शेंगेनचा अर्ज निघण्याआधी भारतातूनच करा. "तिकडे गेल्यावर बघू" म्हणाल तर पॅरिस राहिलं. पाहुणा म्हणून गेलेल्याला तिथून अर्ज करायला सहसा मुभा नसते.

आणि गाडीचा एक फायदा वर कुणी सांगितला नाही. सेंट पँक्रासला लंडनमध्येच फ्रेंच पोलीस पासपोर्ट बघतात, नोंद तिथेच. पॅरिसला उतरलात की सरळ बाहेर. परतीला तसंच उलट : गार द्यू नॉरला फ्रेंच खिडकीनंतर लगेच ब्रिटिश खिडकी, आणि लंडनला उतरल्यावर काही नाही. विमानात ही रांग पोहोचल्यावर लागते, म्हणजे माणूस दमलेला असताना.

---

मावळा_इन_मिलान

आणखी एक सावधगिरी, हा धागा वाचून इतर कुणी बुकिंग करणार असेल तर. स्वस्त तिकिटावर "लंडन" आणि "पॅरिस" या शब्दांवर विश्वास ठेवू नका. स्टॅनस्टेड, ल्यूटन हे लंडनच म्हणून विकले जातात आणि शहरापासून पन्नास-साठ किलोमीटर लांब आहेत. बोव्हे नावाचा "पॅरिसचा" विमानतळ तर ऐंशी किलोमीटरच्याही पलीकडे. मी एकदा मिलानहून तिथे उतरलो होतो. विमानात जितका बसलो त्याच्या तोडीस तोड वेळ बसमध्ये.

आपल्याकडे आता गोव्याचं झालंय तसं. दाबोळी की मोपा हे न बघता तिकीट काढणारा मडगावचा माणूस पेडण्याला उतरतो आणि मग टॅक्सीवाल्याशी भांडतो.

---

चहाबाज

फ्रान्सने अशी छोट्या पल्ल्याची विमानं कायद्याने बंद केली ना?

---

रुळावरचा

देशांतर्गत फक्त. जिथे रेल्वेने अडीच तासांत जाता येतं तिथे. कायदा २०२१ चा, अंमल मे २०२३ पासून. प्रत्यक्षात पॅरिसच्या ऑर्ली विमानतळाहून नाँत, लिऑन आणि बोर्दो एवढेच मार्ग सापडले. लंडन–पॅरिस वेळेच्या हिशोबाने त्यात बसलं असतं, पण दुसरा देश म्हणून सुटलं.

---

जुनेपुराणे

अवांतर, पण राहवत नाही. रोजची पहिली आंतरराष्ट्रीय विमानसेवा म्हणून जी ओळखली जाते ती याच मार्गावरची. २५ ऑगस्ट १९१९, हाउन्सलो हीथ ते पॅरिसजवळचं ल बूर्जे. हाउन्सलो हीथ म्हणजे आजच्या हीथ्रोच्या शेजारीच, आपले हौन्सलोकर कॉलर ताठ करू शकतात. विमानात प्रवासी एक. बाकी सामान काय, तर वर्तमानपत्रं, कातडी, डेव्हनची साय आणि शिकारीचे पक्षी. वेळ लागला सुमारे अडीच तास. रुळावरचा यांची गाडी आज समुद्राखालून त्याहून लवकर जाते.

त्याआधी बोटगाडी होती. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून किनारा, बोटीने खाडी, पलीकडे पुन्हा आगगाडी. सावरकर १९१० च्या जानेवारीत पॅरिसला गेले आणि परत आले ते याच प्रवासाने. १३ मार्च १९१० ला व्हिक्टोरिया स्टेशनवर उतरताच त्यांना अटक झाली. मी पहिल्यांदा लंडनला गेलो तेव्हा त्या स्टेशनात उगाचच अर्धा तास उभा होतो.

आणि १९३६ ते १९८० या काळात रात्रीची एक गाडी होती, तिचे झोपायचे डबेच्या डबे डोव्हरला बोटीवर चढवायचे. माणूस लंडनला झोपला की पॅरिसला उठायचा. साखळ्यांच्या खडखडाटात झोप किती लागायची ते विचारू नका.

जे. आर. डी. टाटांचा जन्मही पॅरिसचा, १९०४. खाडीच्या फ्रेंच किनाऱ्यावर हार्डेलो नावाच्या गावी टाटांचं घर होतं आणि शेजार होता ब्लेरिओचा, ज्याने १९०९ मध्ये पहिल्यांदा विमानाने ही खाडी ओलांडली. पोराच्या डोक्यात विमान शिरलं ते तिथेच.

---

मापटं

जुनेपुराणे, वाचनखूण साठवली. तुमच्या अवांतराचा वेगळा धागा काढा हो.

---

गोदाकाठ

आता आईचे दोन प्रश्न. एक : बोगद्यातून जाताना काचेतून मासे दिसतात का? दोन : साजूक तूप आणि पेढे नेले तर चालतील का?

---

रुळावरचा

मासे नाहीत, काकू. बोगदा समुद्राच्या तळाच्याही खाली सरासरी पन्नास मीटर, खडूच्या खडकातून खणलेला आहे. वीस मिनिटं काळोख आणि काचेत स्वतःचा चेहरा.

---

कागदोपत्री

तूप, पेढे दोन्ही नाही. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून तिथून संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. चिवडा, लोणचं, तेलावरच्या दशम्या न्या. पेढे स्लाऊलाच संपवा.

---

पंखाखाली

धागा रुळांवर गेला म्हणून शेवटचं एक, खास बाबांसाठी. "पोहोचलं" म्हणजे नेमकं कधी, यावर युरोपात खटला झालाय. युरोपीय संघातून सुटणारं विमान तीन तास किंवा जास्त उशिरा पोहोचलं आणि चूक कंपनीची असली तर १५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला २५० युरो भरपाई मिळते. साल्झबर्गहून कोलोनला जाणारं एक विमान धावपट्टीवर टेकलं तेव्हा २ तास ५८ मिनिटं उशीर होता, जागेवर थांबलं तेव्हा ३ तास ३. कंपनी म्हणे टेकलं तेव्हा पोहोचलं. प्रवासी म्हणे छे. सप्टेंबर २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला : विमानाचं निदान एक दार उघडून प्रवाशांना उतरायची मुभा मिळते, ती पोहोचण्याची वेळ.

---

गोदाकाठ

बाबा हे वाचून थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बरोबर आहे. गाडी स्टँडच्या गेटात आली म्हणजे आली नव्हे. फलाटाला लागून कंडक्टरने दार उघडलं की आली."

निर्णय असा झालाय : जाताना गाडी, येताना विमान. गाडी आईच्या गुडघ्यासाठी, विमान बाबांना मोजायचंय म्हणून. व्हिसाचे अर्ज भरायला घेतलेत. सगळ्यांचे मनापासून आभार.

---

गोदाकाठ

धागा वर काढतेय, क्षमस्व. आई-बाबा पॅरिसहून परतले. आयफेल टॉवरचे फोटो चार, वेळेच्या नोंदी दोन पानं. दादाने वहीचा फोटो पाठवलाय, परतीची नोंद जशीच्या तशी उतरवते :

"ठरलेली सुट १६:००. जागेवरून हलले १६:११. जमीन सोडली १६:२९ (सर्व पॅरिस टाइम). येथे घड्याळ एक तास मागे घेतले. जमिनीस टेकले १६:२०. जागेवर उभे १६:३१. हवेत ५१ मि., जमिनीवर १८ अधिक ११ म्हणजे २९ मि. एकूण ८० मि. ठरल्याप्रमाणे. दार उघडले १६:३५.

शेरा : सुटण्यासच ११ मि. विलंब. वाटेत भरून काढला नाही. चालकाचा दोष नाही."